मेंढ्याची ग्रामसभा आणि आपले पाळकीय मंडळ

‘शाळा’ या कादंबरीचे लेखक मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक धर्मग्रामांत आवर्जून वाचले जावे, ते त्यातील वनहक्कांच्या हकिकतीइतकेच नेतृत्वाच्या धड्यासाठी. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती. प्रश्न समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसे. निर्णय मात्र ग्रामसभा घेई, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. देवाजी तोफा पुढे होते, मोहन हिराबाई हिरालाल सोबत होते. पण शब्द गावाचा.

आपल्याकडे पुष्कळदा याउलट घडते. फादर नावे ठरवतात, सभा भरते, माना डोलतात. लॅटिन धर्मनियमांतील 536व्या कलमानुसार पाळकीय मंडळाचे मत सल्ल्यापुरतेच, ही सबब पुढे येते. परंतु सल्ला देण्यासाठीही अभ्यास लागतो आणि ऐकण्यासाठी नम्रता. यरुशलेममध्ये विधवांची आबाळ झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जणांची निवड समुदायावर सोपवली. मग प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. ते गाव लहान, जंगल सर्वांचे. आपली धर्मग्रामे विखुरलेली. तरीही वाडीवाडीत अभ्यासगट सुरू करणे प्रत्येक धर्मगुरूच्या हाती आहे. फादरांची बदली झाल्यावरही जे टिकते, तेच त्यांनी घडवलेले नेतृत्व.