‘मार्ग सापडला नाही’ म्हणजे नेमके काय?

पाठ्यपुस्तकातले एखादे वाक्य संदिग्ध असले की आपण शिक्षक त्यावर तुटून पडतो, आणि ते योग्यच आहे. मग संगणकाच्या पडद्यावर उमटणारी वाक्ये त्यातून का सुटावीत? तीही काहीतरी शिकवतच असतात. अशाच एका वाक्याचा समाचार येथे घ्यायचा आहे.

प्रसंग साधा आहे. घरात राउटरला जोडलेली एक साठवणपेटी असते (बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात), किंवा एका संगणकावरचा फोल्डर घरातल्या इतर संगणकांसाठी खुला केलेला असतो. त्यात सहलीचे फोटो असतात, गुणतक्ते असतात, चाचणीच्या प्रश्नपत्रिका असतात. विंडोज असलेल्या संगणकावर दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे पेटीचे नाव टंकले की फोल्डर उघडतो. एके दिवशी तो उघडत नाही. पडद्यावर जे येते त्याचा आशय असा: अमुक ठिकाणी पोचता येत नाही, नावाचे स्पेलिंग तपासा, नाहीतर तुमच्या नेटवर्कमध्ये काही बिघाड असू शकेल. तपशील उघडला तर ०एक्स८००७००३५ हा आकडा, आणि ‘नेटवर्कचा मार्ग सापडला नाही’ हे वाक्य.

आता समजा, डॉक्टरांनी सांगितले, “तुम्ही पथ्य मोडले असेल, नाहीतर शरीरात कुठेतरी बिघाड असेल.” आपण फी देऊ का?

तो आकडा मात्र वर्गात वापरण्याजोगा आहे. तो सोळाच्या पायावर लिहिलेला आहे. आरंभीचे ‘८००७’ एवढेच सांगते की पुढचा क्रमांक विंडोजच्या जुन्या चुकांच्या यादीतला आहे. शेवटचे ३५ दशमान पद्धतीत आणले तर ३ गुणिले १६ अधिक ५, म्हणजे ५३. त्या यादीतली ५३वी चूक हीच: मार्ग सापडला नाही. ही यादी डॉसच्या काळापासून चालत आलेली आहे. तेव्हा जाळी कचेऱ्यांत असत आणि त्यांची देखभाल करणारा जाणकार माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला असे. त्याला ‘५३’ म्हटले तरी पुरे होते. तेच वाक्य घरी एकट्या बसलेल्या माणसासमोर आणून ठेवायचे, यात फार मोठे अंतर दुर्लक्षिले गेले आहे.

वाक्यातला खरा दोष समजायचा तर फोल्डर उघडताना काय काय घडते ते पाहावे लागेल. प्रथम दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात हवीत. एक यंत्र घरच्या वायफायवर आणि दुसरे राउटरच्या ‘पाहुण्यांसाठी’ असलेल्या वायफायवर असेल, तर बहुतेक राउटर त्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. त्याने तो स्वतःच घेतला आहे. दुसरी गोष्ट, पेटीच्या नावावरून तिचा आकडी पत्ता कळायला हवा. तिसरी, त्या पत्त्यावरचे ४४५ क्रमांकाचे दार उघडे हवे. फायरवॉलने ते लावून घेतलेले असू शकते. विंडोज एखाद्या जाळ्याला ‘सार्वजनिक’ समजू लागले, तर घरातले जाळेही त्याला रेल्वे फलाटासारखे परके वाटते आणि आपले फोल्डर ते इतरांपासून लपवते. पुढे दोघांना एक बोली यावी लागते. या बोलीचे नाव एसएमबी. ती आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रचली आणि आज तिच्या तीन पिढ्या आहेत. मग ओळख पटवायची, म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द. सर्वांत शेवटी त्या फोल्डरची परवानगी.

यातल्या पहिल्या तिन्ही पायऱ्यांवर काहीही अडले तरी बहुधा तीच ५३ क्रमांकाची चूक दिसते. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर हे निरीक्षण गृहीतकांमध्ये भेद करत नाही. तो भेद आपण स्वतः करावा लागतो, आणि त्याला अवघी काही मिनिटे लागतात. नावाऐवजी आकडी पत्ता टंकून पाहावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. फोल्डर उघडला तर तार, राउटर, फायरवॉल, परवलीचा शब्द हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटतात. दोष फक्त नावात उरतो. नाही उघडला, तर ‘पिंग’ पाठवून पाहावे. उत्तर आले तर रस्ता आहे, दार बंद असावे. उत्तर नाही आले तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण काही फायरवॉल पिंगलाही उत्तर देऊ देत नाहीत.

‘नेटवर्क’च्या खिडकीत पेटी दिसत नाही म्हणून ती पोचण्यापलीकडे आहे, असे मानणेही चूक आहे. ती यादी तयार करणारी यंत्रणा वेगळी आहे. हजेरीपटात नाव नाही म्हणजे मुलगा गावात नाही, असे थोडेच आहे!

संदिग्धतेचे समर्थन करता येते, आणि एका ठिकाणी ते रास्त आहे. नाव चुकले की परवलीचा शब्द चुकला, हे विंडोज सांगत नाही. दोन्हींपैकी काहीतरी चुकले एवढेच म्हणते. चोराला अर्धे उत्तर मिळू नये म्हणून हे मौन आहे. (तरी एक सूचना तेथे जरूर हवी होती: संगणक उघडताना टाकायचा चार-सहा आकड्यांचा पिन जाळ्यावर चालत नाही, कारण तो त्याच यंत्रापुरता असतो. खात्याचा पूर्ण परवलीचा शब्दच लागतो.) पण नाव सापडले नाही की दार बंद होते, हे घरमालकाला सांगण्यात कोणते गुपित फुटते?

स्पष्ट लिहिता येत नाही असेही नाही. पेटीला फक्त पहिल्या पिढीची बोली येत असेल, तर विंडोज १० अनेकदा सरळ सांगते की या फोल्डरला कालबाह्य एसएमबी १ लागते आणि ती असुरक्षित आहे. कारण सांगितले, नाव घेतले, धोका सांगितला. याला म्हणावे वाक्य. याउलट, परवलीच्या शब्दाविना ‘पाहुणा’ म्हणून शिरू पाहिले की निरोप येतो: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे करता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात कसली संस्था आणि कसले धोरण? हा अडसर विंडोजनेच घातला. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत २०२४ च्या सुधारणेपासून तो मुळातच असतो. तो योग्यही आहे. मात्र जबाबदारी न घेता ती भलत्याच कुणावर ढकलणे, हे वाईट गद्य आहे.

हे सगळे भाषेपुरते असते तर इतके लिहायचे कारण नव्हते. वाक्य काही सांगत नाही, म्हणून माणूस शेजारी विचारतो आणि ठरावीक सल्ला मिळतो: फायरवॉल बंद कर, एसएमबी १ पुन्हा चालू कर, फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण खुला कर. यातले एखादे पाऊल बरोबर लागते आणि फोल्डर उघडतो. तीन गोष्टी एकदम बदलून मिळालेल्या यशातून कारण कळत नाही, हे आपण आठवीच्या मुलांना बी रुजण्याच्या प्रयोगात शिकवतो. येथे मात्र उरलेली दोन पावले तशीच राहून जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि इंग्लंडमधील अनेक सार्वजनिक रुग्णालयांचे काम अडले. तो शिरला एसएमबीच्या पहिल्या पिढीतील एका दोषातून, ४४५ क्रमांकाच्या दाराने. दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवणेच बंद झाले. घरातली जुनी पेटी त्या सुमारास अचानक ‘हरवली’ असेल तर कारण बहुधा हेच. अशा पेटीच्या उत्पादकाने नवे सॉफ्टवेअर दिले असेल तर ते घालावे. दिले नसेल तर आतले सामान दुसरीकडे हलवून पेटीला निरोप द्यावा. प्रश्नपत्रिका असलेल्या पेटीसाठी जुने दार पुन्हा उघडू नये.

शाळेत दोन संगणक आणि एक राउटर असेल तर हे परीक्षण मुलांकडूनच करून घेता येईल. एका गटाने गुपचूप एकच बिघाड करायचा: तार काढायची, नावातले एक अक्षर बदलायचे, फोल्डरचे नाव चुकवायचे किंवा परवलीचा शब्द बदलायचा. दुसऱ्या गटाने काळ्या खिडकीत ‘नेट यूज’ ही आज्ञा देऊन येणारा क्रमांक वहीत लिहायचा. फोल्डरचे नाव चुकले तर साधारणपणे ६७ येतो, परवलीचा शब्द चुकला तर ८६ किंवा १३२६, परवानगी नसेल तर ५. मग वहीतले जे जे बिघाड ५३ खाली एकत्र पडले असतील, त्या प्रत्येकासाठी मुलांनी मराठीत एकेक वेगळे वाक्य लिहायचे.