फुरसुंगीचा मुलगा, परगावच्या घरांत

के. आर. पुरमच्या तारांच्या पुलापलीकडे, १९४८ साली सुरू झालेल्या टेलिफोन कारखान्याच्या वसाहतीच्या आसपास, आम्हां केंद्र सरकारी नोकरांची पाच मराठी बिऱ्हाडे विखुरलेली आहेत. कोणी हिशेबतपासणीत, कोणी टपालखात्यात, कोणी रेल्वेत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमावयाचे, चहा-पोहे व्हावयाचे आणि बदल्यांच्या वार्ता संपल्यावर थोडे वाङ्मयाकडे वळावयाचे, असा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एका बैठकीसाठी असे ठरले की, प्रत्येकाने बालपणी जिवापाड आवडलेले एक पुस्तक आणावे. पाचांपैकी चौघांच्या पिशवीतून भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' निघाला. पाचव्याला प्रत मिळाली नव्हती, म्हणून त्याने एक आख्खी गोष्ट तोंडपाठ सांगितली.

मग जो काही स्नेहाचा पूर लोटला तो वर्णन करण्याजोगा होता. एकाने गोधडीत शिरून विजेरीच्या उजेडात ती पुस्तके वाचली होती. दुसऱ्याने त्यांपायी वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री वडिलांचा मार खाल्ला होता. तिसऱ्याने फेणेचे अनुकरण करीत सायकल उतारावर सोडून दोन दात गमावले होते आणि ती जागा त्याने सर्वांना अभिमानाने दाखविली. रात्री घरी परतताना मात्र आमच्या ध्यानात आले की, दोन तासांत पुस्तकाविषयी कोणी एक अक्षरही बोलले नव्हते. आम्ही सारे आपापल्या बालपणाविषयी बोलत होतो. आणि ज्यांच्यासाठी ही पुस्तके लिहिली गेली ती आमची मुले भिंतीशी मुकाट बसून होती.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. ज्या पुस्तकावर आपले प्रेम आहे ते पुस्तक खरोखर कसे आहे, हे प्रेमिकाला क्वचितच ठाऊक असते. म्हणून चारही पिशव्यांतील प्रती आम्ही मागून आणल्या आणि पंचवीस वर्षांनंतर, कचेरीतील फाइल वाचावी तशा सावधपणे, वाचावयास बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

परिचय बहुतेकांना आहेच. बनेश फेणे हा पुण्याच्या पूर्वेस असलेल्या फुरसुंगी गावचा हडकुळा पोरगा पुण्यातील विद्याभवन शाळेत येतो. अंगात चौकड्यांचा सदरा, बुडाखाली सायकल, आणि मनात काही चमकले की जीभ टाळ्याला लावून काढलेला 'ट्टॉक' असा आवाज. त्याच्या चपळाईमुळे त्याचा 'फास्टर' होतो आणि पुढे वीसेक पुस्तकांतून तो चोर, लफंगे, हेर आणि विमाने पळविणारे यांच्याशी झुंजत राहतो. भागवत (१९१०–२००१) त्याआधी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांसाठी सजवून देत होते. 'बालमित्र' हे मुलांचे मासिकही त्यांनी चालविले होते. व्हर्नपासून त्यांनी कथानकाचा वेग उचलला, पण यंत्रसामग्री मात्र तिकडेच ठेवली. व्हर्नच्या नायकांना चंद्रावर जाण्यास प्रचंड तोफ लागते. भागवतांच्या नायकाला सायकलच्या दोन चाकांवर भागते. आमच्या मते मराठी बालवाङ्मयात हे पाऊल मोठे होते. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याचे गुण घर आणि शेजार यांच्या परिघात उजळतात. फेणेने उंबरठा ओलांडला. प्रतापगड, काश्मीर, गुलमर्ग ही नावे तर पुस्तकांच्या शीर्षकांतच आहेत, आणि 'जवानमर्द फास्टर फेणे'त तो १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या धामधुमीत थेट सरहद्दीवर जाऊन पोहोचतो.

आता गुणांविषयी. वेग, वेग असे सर्वच म्हणतात. परंतु तो वेग घटनांत आहे त्याहून अधिक वाक्यांत आहे, हे आमच्या प्रौढ वाचनात प्रथमच दिसले. भागवतांचे वाक्य शाळकरी पोराप्रमाणे धावते. ते मध्येच थांबते, वळून वाचकाला डोळा घालते, एखादी कोटी करते आणि पुन्हा सुटते. निवेदक कोठेही उच्चासनावर बसून उपदेश करीत नाही. तो उघड उघड फेणेच्या बाजूचा आहे, आणि आपला हा पक्षपात लपविण्याचे कष्टही घेत नाही. आमच्या लहानपणी 'बोधप्रद' म्हणून जी पुस्तके बक्षीस मिळत, त्यांतील लेखकाचा हात सदैव वाचकाच्या कानाजवळ असे. भागवतांचा हात खांद्यावर आहे. अर्थात हा गुण फुकट मिळत नाही. इतक्या वेगात माणसे नीट दिसत नाहीत. खलनायक तर बहुधा मिशी, चष्मा आणि एखादी लकब यांवरच निभावून नेले आहेत, आणि योगायोग इतके की, ज्या वाटेने चोर जावयाचा त्याच वाटेवर फेणेची सायकल पंक्चर व्हावयाची. ताम्हनकरांचे घर आठवते. फेणेच्या मालिकेतील एकही घर आम्हांस पुस्तक मिटल्यावर आठवत नाही.

या ठिकाणी एका परदेशी मालिकेचा उल्लेख करणे भाग आहे, कारण बैठकीतील एका मुलीने तो केला. ही मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची 'लिटल हाउस' ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयातून आणून वाचीत होती. पहिले पुस्तक १९३२ साली निघाले तेव्हा लेखिकेचे वय पासष्ट होते. १९४३ पर्यंत आठ पुस्तके झाली. झाकलेल्या बैलगाडीसारख्या घोड्यांच्या गाडीतून पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या एका कुटुंबाची ती कथा. कुटुंब नव्या जागी जाते, बाप ओंडक्यांचे घर उभारतो, आई खिडकीला पडदे लावते, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गाडी जुंपली जाते. ती मुलगी आपल्या वडिलांकडे पाहून सहज म्हणाली, "बाबा, यांचीही सारखी बदलीच होते." आम्ही सारे हसलो, तिचे वडील हसले नाहीत. त्यांची आठ वर्षांत तिसरी बदली झाली होती आणि चौथीचा हुकूम येऊ घातला होता.

वाइल्डरबाईंची पुस्तके आम्ही मग तिच्याकडूनच घेऊन वाचली. लोणी कसे घुसळावे, मांस धुरात कसे टिकवावे, दाराची कडी लोखंडावाचून कशी करावी, हे तेथे इतक्या निगुतीने सांगितले आहे की, कामच नायक होऊन बसते. भागवतांत प्रसंग नायक आहे. एक मालिका घर उभारते, दुसरी घराबाहेर पळते. आमच्यासारख्या परगावी राहणाऱ्यांना पहिलीची ओढ अधिक वाटावी असा आमचा तर्क होता, आणि आमच्यापुरता तो खराही ठरला.

परंतु त्या अमेरिकन पुस्तकांच्या चाहत्यांची एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. ज्या भूमीवर ते कुटुंब घर बांधते ती ओसेज नावाच्या आदिवासींची होती. १९३५ च्या पुस्तकात तेथे माणसेच नव्हती, केवळ इंडियन राहत होते, अशा अर्थाचे एक वाक्य होते. १९५२ साली एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून विचारले की, इंडियन म्हणजे माणसे नव्हेत काय? तेव्हा लेखिका हयात होती. पुढील आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतकरी' असा शब्द आला. पुढे २०१८ मध्ये तेथील ग्रंथपालांच्या संस्थेने लेखिकेच्या नावाने दिले जाणारे पदकाचे नावही बदलले. यावर तेथे पुष्कळ वाद झाला. पुस्तके अद्याप वाचली जातात, आणि वाचणारे भांडतातही. असे भांडण मराठीत बालपुस्तकांवरून होताना दिसत नाही. आपल्याकडे फेणेवरचे प्रेम म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, अमेय वाघ यांनी तरुण फेणे रंगविला, तेव्हाही चर्चा झाली ती 'आपला फेणे असा दिसत होता काय' एवढीच. त्याआधी दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाले होते, त्यांच्याशी ताडून पाहण्यात बाकीचा वेळ गेला.

आमच्या बैठकीत ते भांडण शेवटी मुलांनीच काढले. पुढल्या शनिवारी भिंतीशी बसलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "काका, त्या मालीला सगळे समजते, मग शेवटी उडी नेहमी फेणेच का मारतो?" हिशेबतपासणीतील आमचे स्नेही म्हणाले, "अगं, त्या काळी तसेच लिहीत." मुलगी म्हणाली, "पण लॉरा तर त्याच्याही आधीची आहे ना?" यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशीही नाही. मालीसारखी चुणचुणीत मुलगी निर्माण करून तिला पुढे न येऊ देणे ही त्या मालिकेतील खरी उणीव आहे. योगायोग क्षम्य आहेत, मिशीवाले चोरही क्षम्य आहेत. ही गोष्ट मात्र केवळ काळाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

हे सारे लिहिताना आमचा एक स्वार्थ दडलेला होता, तो आता सांगून टाकतो. तो प्रश्न विचारणारी मुलगी आमचीच. ती शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते, हिंदीमुळे तिला देवनागरी वाचता येते, आणि मराठी ती केवळ आमच्या तोंडून ऐकते. तिची मराठी टिकावी म्हणून काढा पाजावा तशी फेणेची पुस्तके तिला पाजण्याचा आमचा बेत होता. पहिले पंधरा दिवस हा प्रयोग साफ फसला. 'ळ' पाशी ती अडे. 'चहा' आणि 'चोर' यांतील दोन च तिला एकच वाटत. 'पडवी', 'माळवद', 'तिरीमिरी' अशा शब्दांना आम्ही अर्थ सांगू लागलो की, गोष्ट थांबे आणि तिची जांभई सुरू होई. एके संध्याकाळी आम्हांस कचेरीत उशीर झाला. परत येऊन पाहतो तो ती गच्चीवर एकटीच वाचीत होती. अर्धे शब्द तिला कळत नव्हते, हे तिच्या भुवयांवरून स्पष्ट दिसत होते. पण ती पाने उलटीत होती. मध्येच तिने जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' केले, आणि शेजारच्या गच्चीवरील कन्नड मुलाने, पुस्तक काय आहे ते न कळता, तिला तसाच जबाब दिला.

त्या क्षणी आमचे आधीचे मत आम्हांस सुधारावे लागले. ज्या वेगाला आम्ही वर थोडे दोष दिले, त्याच वेगाने न कळलेले शब्द पाठीवर घेऊन तिला पलीकडे नेले होते. अधिक सावकाश, अधिक भरीव, प्रौढांच्या दृष्टीने अधिक कलात्मक असे मराठी पुस्तक तिच्या हातून तिसऱ्या पानावर गळून पडले असते. आम्ही तशी दोन तिला देऊन पाहिली होती. भागवतांनी घर रंगविले नाही म्हणून आम्ही कुरकुरलो. पण जिने ते घर पाहिलेच नाही, तिला त्या घराची अट न घालता आत घेणारे हेच एक पुस्तक निघाले. बालपुस्तकाची परीक्षा प्रौढाने एकट्याने करू नये, एवढे तरी आम्ही यातून शिकलो.

तरीही मनात एक बोच आहे, ती लपवीत नाही. आमच्यासाठी फुरसुंगी म्हणजे हडपसरच्या पुढचे, सासवडच्या रस्त्याजवळचे, एसटीतून दिसलेले गाव होते. तिच्यासाठी ते लॉराच्या कॅन्ससइतकेच दूर आणि तितकेच नवलाचे आहे. फेणे तिला आवडतो, पण परक्या देशाचा राजपुत्र आवडावा तसा. हे मराठी टिकणे झाले की नाही, यावर आमच्या घरात एकमत नाही. "तुम्ही तिला तुमचे बालपण वाचायला लावता आहात," असे सौभाग्यवतींचे म्हणणे.

या दिवाळीत रजा प्रवास सवलत घेऊन पुण्यास जावयाचे ठरले आहे. अप्पा बळवंत चौकातून मालिकेची राहिलेली पुस्तके आणावयाची आहेत. परंतु मुलीचा हट्ट आहे की, आधी फुरसुंगी दाखवा. कागदोपत्री ते गाव २०१७ साली पुणे महापालिकेत गेले आणि अलीकडे पुन्हा वेगळे निघाले. गेली कित्येक वर्षे तर शहराचा कचरा ज्या डेपोवर टाकला जात असे त्याच्यामुळे, आणि त्याविरुद्ध गावकऱ्यांनी केलेल्या आंदोलनांमुळेच ते वर्तमानपत्रांत गाजत आले. हे तिला सांगावे की नाही या विचारात आम्ही आठ दिवस घालविले. शेवटी सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, तिकडे भाड्याने सायकल मिळते का, आणि मिळत असली तर तिच्या उंचीची मिळेल का.