पत्रांचा पुरावा आणि पत्रांची भाषा : पीतज्वर व मुल्कोवाल ह्या दोन प्रकरणांच्या अनुषंगाने

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात एक दंडक रूढ झाला आहे : बखरीपेक्षा अस्सल पत्र श्रेष्ठ. ह्या दंडकामागील युक्तिवाद सरळ आहे. घटना घडत असता लिहिलेल्या पत्रास घटनेचा शेवट ठाऊक नसतो. बखरकारास तो ठाऊक असतो आणि आपल्या कथेच्या आरंभापासूनच तो त्याची बीजे पेरीत जातो. राजकीय पत्रव्यवहाराच्या बाबतीत ह्या दंडकाने मोठेच काम केले. तथापि वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासातील पत्रांस तो जसाच्या तसा लावता येईल काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे. त्यासाठी दोन पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. एक क्यूबातील पीतज्वरासंबंधीचा आहे. दुसरा मुंबईच्या परळ येथील प्लेग प्रयोगशाळेसंबंधीचा.

पीतज्वरविषयक पत्रांचा सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. तो जमविणारे फिलिप हेंच हे स्वतः वैद्य होते व १९५० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. ह्या संग्रहात कागदांचे दोन थर दिसतात. पहिला थर १९०० सालचा. त्या वर्षी वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर व आरिस्तीदेस आग्रामोंते ह्यांचे सैनिकी मंडळ हॅव्हानाजवळ पीतज्वराचा शोध घेत होते. डास हा रोग पसरवितो, हे मत क्यूबातील कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडले होते. दि. ८ सप्टेंबर १९०० रोजी लाझिअर यांनी पत्नीस लिहिले की, आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असे वाटते. परंतु ह्याची वाच्यता कोठेही होता कामा नये. त्यानंतर सतराव्या दिवशी, २५ सप्टेंबर रोजी, पीतज्वरानेच त्यांचा अंत झाला. पत्रातील 'वाटते' हे क्रियापद येथे मोलाचे आहे. त्यात निश्चिती नाही; शिवाय लाझिअर ज्यास 'जंतू' म्हणतात तो त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येण्याजोगा नव्हताच. पीतज्वराचा विषाणू वेगळा काढता आला तो १९२७ मध्ये, पश्चिम आफ्रिकेत, आणि तोही भारतातून नेलेल्या माकडांच्या साहाय्याने.

दुसरा थर हेंच यांनी निर्माण करविला. हयात असलेल्या स्वयंसेवकांशी व सैनिकांशी त्यांनी १९३० नंतरच्या दशकात पत्रव्यवहार आरंभिला आणि त्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. मधल्या काळात पॉल द क्रुइफ यांचे 'मायक्रोब हंटर्स' (१९२६) हे पुस्तक व सिडने हॉवर्ड यांचे 'यलो जॅक' (१९३४) हे नाटक लोकांपुढे आलेले होते. नाटकात स्वतःस पाहून झाल्यावर सांगितलेली आठवण ही केवळ आठवण राहत नाही. ह्या थरात 'वाटले' च्या जागी 'ठाऊक होते' येते. थोडक्यात, ह्या संग्रहापुरता राजवाड्यांचा दंडक खरा ठरतो : पहिला थर अस्सल पत्रांचा, दुसरा पत्ररूपाने आलेल्या बखरीचा.

परळ प्रकरणात मात्र हाच दंडक अडखळतो.

वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. (१९२५ मध्ये तिला त्यांचेच नाव देण्यात आले.) दि. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तत्कालीन पंजाब प्रांतातील मुल्कोवाल ह्या गावी १०७ माणसांस परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि ते सर्व मृत्यू पावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. बाटली मुल्कोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला. कारण म्हणून दोन पर्याय देण्यात आले : एक तर निर्जंतुकीकरण अपुरे झाले असावे, किंवा मोठ्या पात्रातून लहान बाटलीत लस भरताना पुरेशी दक्षता घेतली गेली नसावी. हाफकिन यांचे संचालकपद गेले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

ह्या समकालीन कागदांच्या अस्सलपणाविषयी शंका नाही. त्यांवर सह्या आहेत, तारखा आहेत, शपथेवरच्या जबान्या आहेत. तरीही त्यांच्या भाषेत एक उणीव राहते. 'निर्जंतुकीकरण झाले नसावे', 'दक्षता घेतली गेली नसावी' ह्या रचनांत कर्ता नाही. आणि कर्ता नसला तरी स्थळ मात्र निश्चित केलेले आहे. स्थळ परळ ठरले की परळचा प्रमुख आपोआप कर्ता होतो. 'किंवा' ह्या अव्ययाने जी अनिश्चिती मान्य केली होती, ती शिक्षेच्या वेळी उरली नाही. एखादा निष्कर्ष विकल्पार्थी असावा आणि त्यावरून होणारी कृती मात्र निर्विकल्प असावी, ही शासकीय पत्रव्यवहाराची जुनी खोड येथे स्पष्ट दिसते.

ह्या निष्कर्षास उत्तर मिळाले ते पाच वर्षांनी, आणि तेही पत्रांतूनच. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी मार्च १९०७ पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ह्या प्रकरणी पत्रे लिहिली. २९ जुलै १९०७ च्या पत्रावर त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर हे त्यांपैकी एक. ह्या पत्राचे मुख्य प्रतिपादन एका दीर्घ वाक्यात आहे. त्याचा आशय असा : प्रदूषण मुल्कोवालला बाटली उघडताना झाले, असे दर्शविणारा फार बळकट पुरावा आहे, मुंबईच्या प्रयोगशाळेने ठरवून दिलेली रीत प्लेग-अधिकाऱ्यांनी रद्द केली, त्यामुळे बाटली उघडण्याचा चिमटा निर्जंतुक झाला नाही, आणि तो चिमटा त्या कामात जमिनीवर पडला होता.

ह्या वाक्याचे व्याकरण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. रीत रद्द करणाऱ्यांचा उल्लेख त्यात आहे : 'प्लेग-अधिकाऱ्यांनी'. चिमट्याच्या बाबतीत मात्र कर्ता नाही. मराठीत हा भेद आणखी ठसठशीत होतो, कारण 'पडणे' व 'पाडणे' ही जोडी आपल्याकडे सिद्धच आहे. 'चिमटा पाडला' असे म्हटले की पाडणारा शोधावा लागतो; 'चिमटा पडला' असे म्हटले की रीत शोधावी लागते. चिमटा एखाद्या सहायकाच्या हातून पडणे ही दिवसाकाठी कोठेही घडणारी गोष्ट आहे. ती घडली तरी माणसे मरू नयेत, एवढ्यासाठीच प्रयोगशाळेने रीत घालून दिलेली असते. म्हणून जबाबदारी रीत बदलणाऱ्याकडे जाते, हात थरथरलेल्या गरीब नोकराकडे नव्हे. चौकशीच्या कागदांतील कर्तृलोपाने आरोप झाकून पोहोचविला. ह्या पत्रातील कर्तृलोपाने न्याय केला. प्रयोग एकच, परिणाम उलट. केवळ कर्मणी वा अकर्तृक रचना दिसली म्हणून लेखक सत्य लपवीत आहे, असे मानणाऱ्या सुलभ शैलीविचारास हे उदाहरण पुरेसे आहे.

शिवाय, हे पत्र 'सिद्ध झाले' असे म्हणत नाही. 'फार बळकट पुरावा' असे म्हणते. पाच वर्षांनंतर लिहिले गेले असूनही लाझिअर यांच्या 'वाटते'शी त्याचे नाते आहे. उलट १९०२ च्या दुर्घटनेस जवळचे असलेले शासकीय कागद ह्या गुणात त्याच्या मागे पडतात. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले. पण ते परळला नव्हे, कलकत्त्याला.

ह्यावरून राजवाड्यांच्या दंडकास एक पुरवणी जोडावी लागते. पत्र घटनेला किती जवळचे, हा पहिला प्रश्न. पत्राने स्वतःच्या विधानाची मर्यादा सांगितली आहे काय, हा दुसरा. केवळ समकालीनत्वावर विसंबल्यास क्यूबाचा इतिहास नीट लागेल, पण परळचा चुकेल. हाफकिन यांच्या दैनंदिन्या व कागद जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. रॉस यांचे कागद लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात. हे दोन्ही संग्रह ह्या दुहेरी कसोटीने वाचले जाणे अगत्याचे आहे.

ही कसोटी लावूनही एक पोकळी भरून निघत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेला साधा शेतकरीही आपले, वाडवडिलांचे व गावाचे नाव नोंदवून जातो. पिढ्यांनंतर त्याचा नातू ती नोंद शोधीत येतो. मुल्कोवालच्या जाहीर पत्रांत मेलेली माणसे '१९' ह्या आकड्याने येतात. क्यूबातही रीड यांच्या प्रयोगांस शंभर डॉलरच्या कराराने तयार झालेल्या स्पॅनिश मजुरांचा आवाज उरला आहे तो बहुधा दुसऱ्याने लिहिलेल्या करारपत्रात, आणि तोही तृतीय पुरुषात. शास्त्रज्ञाची अप्रतिष्ठा पत्रांनी दूर केली, कारण त्याला पत्रे लिहिणारे मित्र होते. ज्यांच्या दंडात ती लस गेली, त्यांच्या बाजूने 'टाइम्स'ला कोणी पत्र लिहिले नाही. रोगसंशोधनाचा इतिहास पत्रांवरून लिहिणाऱ्याने, पत्र न लिहिणाऱ्यांची ही जागा रिकामी म्हणून तरी दाखविली पाहिजे.