घर लहान करताना : 'वाडा चिरेबंदी'चे पुनर्वाचन

मराठी ललित साहित्यात घराचे चित्रण बहुधा दोन प्रकारे झालेले दिसते. एक पडत चाललेले घर आणि दुसरे माणसांना न पुरणारे घर. पहिले वाड्याचे, दुसरे चाळीचे. वाड्याविषयी लिहिताना लेखक गतवैभवाकडे पाहतो. चाळीविषयी लिहिताना तो दाटीतल्या माणुसकीकडे पाहतो. पण हातपाय चालते असताना, कर्ज वा आपत्ती नसताना, एखाद्या कुटुंबाने विचारपूर्वक आपले घर लहान करावे आणि त्या लहान घराची डागडुजी चालू असतानाच त्यात संसार मांडावा, हा अनुभव आपल्या साहित्यात आम्हांस फारसा आढळला नाही. आज मात्र तो घरोघरी घडतो आहे. आमच्याही घरी तो घडला आणि त्या काळात महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' आमच्या हाती पुन्हा आले. त्या वाचनाविषयी थोडे लिहावे असे वाटले.

प्रथम पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. इंदूरच्या रामबागेतला आमचा वडिलोपार्जित वाडा चार भावंडांच्या संमतीने 2022 साली विकला गेला. वाड्याचे माप आमचे वडील खणांत सांगत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, हे आम्ही लहानपणीच शिकलो होतो. नवी सदनिका तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची आणि जुनी. तिचे माप चौरस फुटांत, आणि त्यातलेही किती फूट भिंतींनी खाल्ले हे राहायला गेल्यावरच कळले. वाडा ठरल्या तारखेला रिकामा करून द्यावयाचा होता आणि सदनिकेचे काम संपत नव्हते. त्यामुळे गिलावा उकरलेल्या भिंतींमध्ये, गॅसची शेगडी गच्चीत मांडून, आम्ही उभयता आणि नोकरीनिमित्त आमच्याकडे राहणारा धाकटा मुलगा असे तिघे जण चार महिने राहिलो. सकाळी गवंडी, दुपारी सुतार, सायंकाळी नळाचे काम करणारा, असा क्रम असे. स्नानाची वेळ मिस्त्री ठरवीत. देव एका पाटावर होते आणि तो पाट रोज नव्या कोपऱ्यात जाई.

अशाच एका दुपारी पुस्तकांची खोकी उघडताना 'वाडा चिरेबंदी'ची आमची जुनी प्रत निघाली आणि सिमेंटच्या पोत्यावर बसून आम्ही ती वाचून काढली.

हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 1985 साली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाटकांनी त्याची त्रयी पूर्ण झाली. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यात तात्याजींचे निधन झाले आहे. मुंबईहून धाकटा भाऊ सुधीर पत्नीसह आला आहे आणि घराण्याच्या इभ्रतीला साजेसे दिवसकार्य करावयाचे तर पैसा कोठून आणावा, हा प्रश्न घरात घोंघावतो आहे. सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे नाटक असे त्याचे वर्णन सर्वत्र केले जाते. आम्हीही आमच्या अभ्यासमंडळात अनेक वर्षे तेच करीत आलो. भास्कर हा आमच्या लेखी नाटकाचा नायक होता आणि वाडा ही त्याची शोकांतिका होती.

या खेपेस आमचे लक्ष वेधले ते अंगणातल्या ट्रॅक्टरने. हा ट्रॅक्टर चालत नाही. तो तेथे गंजत उभा आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला लागतो, जखमा करतो. पण हलत नाही. त्याला प्रतीक म्हणून सोडून देणे सोपे आहे. आमची हयात मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत गेली, त्यामुळे आम्हांस तो एका वेगळ्याच रूपात दिसला. प्रत्येक कार्यालयात डेड स्टॉक रजिस्टर असते. मोडकी खुर्ची, बंद पडलेला पंखा त्या नोंदवहीत वर्षानुवर्षे जिवंत असतात, कारण निर्लेखनाच्या आदेशावर सही करण्याची जबाबदारी कोणालाच नको असते. धरणगावच्या वाड्यात वस्तू पुष्कळ आहेत; परंतु 'हे आता टाकू या' अशी सही करणारा एकही माणूस नाही. आमच्या मते नाटकाचे मर्म येथे आहे. वाडा पडतो म्हणून नव्हे, तर त्याला वेळीच लहान करण्याचे धैर्य वा अधिकार कोणापाशी नाही म्हणून ही माणसे त्याच्याखाली चेंगरतात.

यावर असा आक्षेप निघेल की, निवृत्तिवेतन घेणाऱ्या शहरी गृहस्थाच्या सोयीची फूटपट्टी खेड्यातल्या जमीनदार घराण्याला लावणे योग्य नव्हे. हा आक्षेप आम्हांस काही अंशी मान्य आहे. देशपांड्यांचे घर गावाच्या नजरेसाठी मोठे राहायला हवे आहे. गावजेवण घालायचे ते त्याच नजरेसाठी. सदनिकेत राहणाऱ्याला ही नजर नाही असे समजण्याचे मात्र कारण नाही. वाडा विकल्यावर 'काही अडचण होती का?' असे हळू आवाजात विचारणारे आम्हांसही भेटले. घर लहान करणारा मनुष्य लोकांच्या मते एक तर कर्जात असतो, नाही तर मुलांनी टाकलेला असतो.

आणि मोठ्या घराबरोबर खरेच काही तरी जाते, हेही नाकारता येत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी'तील (1957) काकाजी आम्हा इंदूरकरांना घरचेच वाटतात. त्यांच्या दिलदारपणाचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. आचार्यांसारखा पाहुणा काकाजींच्या घरी मुक्काम करू शकतो, कारण त्या घरात तेवढी जागा आहे. ऐसपैस स्वभावाला ऐसपैस घराचा आधार लागतो. आमच्याकडे आता पाहुणा आला की मुलगा गादी उचलून मित्राकडे जातो. याउलट 'बटाट्याची चाळ'मध्ये (1958) जागा नसतानाही माणसे एकमेकांच्या सुखदुःखात घुसतात. आमच्या सदनिकेला वाड्याची जागाही नाही आणि चाळीचा शेजारही नाही. नव्या लेखकांनी शोध घ्यावा असा विषय येथे पडून आहे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

वाडा रिकामा करताना आम्ही सवयीप्रमाणे एक नोंदवही आखली. वस्तू, संख्या, स्थिती, निर्णय असे चार रकाने. पाटा-वरवंटा, पाणी तापवण्याचा बंब, पितळी डबे, आईची पळी-पंचपात्री, सगळ्यांची नोंद केली आणि चौथ्या रकान्यात झरझर निर्णय लिहिले. माजघरातील एका पत्र्याच्या ट्रंकेपुढे आम्ही लिहिले : 'निरुपयोगी कागद, रद्दी.' ती ट्रंक आमच्या पत्नीची होती. आत त्यांची एम. ए. मराठीची टिपणे होती. पहिले वर्ष उत्तम रीतीने पार पडले होते. दुसऱ्या वर्षी आमची बदली झाबुआस झाली आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. हे आम्हांस ठाऊक होते. तरीही हात थांबला नाही.

त्यांनी नोंदवही पाहिली आणि एवढेच म्हटले, "बदलीचा हुकूम तुम्ही आणत होता. सामान दर वेळी मी बांधले. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे तुम्ही आज पहिल्यांदा ठरवता आहात."

त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कारागिरांचेच आवाज होते.

नाटक हाती आले ते याच दिवसांत. भास्करला नायक समजून केलेले आमचे जुने वाचन तेथे ढासळले. शिकायची इच्छा असताना शिकू न दिलेली प्रभा त्या घरात कडवट होऊन बसली आहे. पूर्वी ती आम्हांस दुय्यम पात्र वाटे, किंचित आक्रस्ताळीही. आता जाणवले की, घराण्याने केलेले खरे निर्लेखन तिचे आहे. ट्रॅक्टर टाकण्यासाठी सही करणारा कोणी नव्हता. प्रभेचे शिक्षण टाकताना मात्र कोणाच्याच सहीची गरज पडली नाही. तीच गोष्ट मुकाट राबणाऱ्या चंदूची. दादी सारख्या वेळ विचारीत राहतात आणि घर त्यांना नीट उत्तर देत नाही, तेव्हा आपण प्रेक्षक म्हणून हसतो. पण नोंदवहीतून नाव खोडले गेलेल्या माणसांपैकी त्याही एक आहेत.

समीक्षक म्हणून एक भेद येथे नोंदवतो. प्रभेचे दुःख नाटककाराने तिच्या तोंडी दिले आहे. ते खरे असले तरी बोलून दाखवल्यामुळे काही ठिकाणी त्याची धार कमी होते. याउलट वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवते तो प्रसंग पाहावा. आयुष्यभर त्या घराचे केले आणि त्यातले आपले काय, हा प्रश्न ती न विचारता विचारते. पुढे तिचीच मुलगी रंजू ते दागिने घेऊन मास्तरबरोबर पळून जाते, तेव्हा वहिनीला मिळालेली ती एक रात्र किती तोकडी होती हे कळते. आमच्या मते संपूर्ण नाटकात या प्रसंगाला तोड नाही, आणि चाळीस वर्षे आम्ही तो केवळ नाट्यमय प्रवेश म्हणून वाखाणीत होतो.

सदनिकेचे काम अखेर संपले. बंब गेला, पितळी डबे भावंडांत वाटले गेले, पाटा-वरवंट्यासाठी जागा नव्हती तरी तो गच्चीत राहिला. आमची नोंदवही पत्नीने ताब्यात घेतली आणि चौथा रकाना नव्याने भरला. आमच्या तीन खोकी शासकीय परिपत्रकांपुढे त्यांनी 'रद्दी' असे लिहिले. त्यावर हरकत घेण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

ट्रंक पलंगाखाली आहे. 'वाडा चिरेबंदी'ची प्रत त्यांनी वाचून झाल्यावर त्याच ट्रंकेत ठेवली. हा लेख लिहिताना ती आम्हांस दोनदा मागून घ्यावी लागली.