रुपयाचा प्रश्न आणि वऱ्हाडचा कापूस

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा इंग्रजी प्रबंध १९२३ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. तो नांवानें पूजिला जातो, वाचला क्वचित् जातो. कापसाच्या भावावर ज्यांचें बरेंवाईट ठरत आलें त्या अकोल्याच्या जुन्या शहरांतील वाचकांनीं तरी तो वाचावाच, असें आम्हांस वाटतें; रुपयाला लंडनांत किती पेन्स मिळतात हा प्रश्न मोर्णेच्या कांठीं कधींच परका नव्हता.

आरंभीं इतिहास आहे. १८३५ सालीं कंपनीनें १८० ग्रेनांचा रुपया सर्वत्र एक केला. १ जानेवारी १८५३ पासून सरकारी खजिन्यांनीं सोन्याची मोहर घेणें बंद केलें. (त्याच वर्षीं वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आलें!) १८७० नंतर जर्मनीनें सोनें धरलें, रुपें उतरलें, आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्याही खालीं गेला. १८९३ सालीं टांकसाळी लोकांस बंद झाल्या व पुढें सोळा पेन्सांचा भाव ठरला.

या व्यवस्थेची केन्स यांनीं १९१३ सालीं वाखाणणी केली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा कीं, रुपये पाडण्याची मोकळीक सरकारच्या हातीं आहे तोंवर किंमतींस स्थैर्य नाहीं. सबब टांकसाळ सरकारासही बंद करावी. त्यांचे गुरु कॅनन यांनीं प्रस्तावनेंतच आपला मतभेद नोंदविला आहे. आम्ही मात्र शिष्याच्या बाजूचे. १९४४ सालीं ब्रेटन वूड्स येथें ३५ डॉलरांस एक औंस सोनें या बोलीवर जगानें तसाच डोलारा उभारला, आणि १९७१ सालीं अमेरिकेनें ती बोली मोडली.

उतरत्या रुपयानें निर्यात वाढून देश सुखी होतो, या समजुतीवरील प्रहार हा ग्रंथाचा खरा गाभा. हा नफा परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशांतून येत नाहीं. भाव चढतात, मजुरी मागें रेंगाळते, आणि मधला फरक मालकाच्या पदरीं पडतो, असें ग्रंथकार दाखवितात. जिनांत राबणाऱ्या बाईस हें सिद्ध करून दाखवावें लागणार नाहीं.

आमची तक्रार येथेंच आहे. मालक आणि मजूर यांच्यामध्यें वऱ्हाडांत तिसरा मनुष्य उभा असतो: स्वतःच्या वावरांत राबून कापूस विकणारा कुणबी. तीस वर्षांसाठीं बांधलेला सारा आणि सावकाराचें व्याज तो ठरल्या रुपयांनींच भरी. १९२७ सालीं कायद्यानें रुपया अठरा पेन्सांवर बांधला. पौंडाचे १५ रुपयांऐवजीं १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. लिव्हरपूलचा तोच भाव रुपयांत कमी भरूं लागला, सारा व कर्ज मात्र तितकेंच राहिलें. चढता रुपया मजुराचा कैवारी खरा, पण या कुणब्याचा वैरी. त्याचें हें अवघड स्थान ग्रंथांत पुरेशा विस्तारानें आलेलें नाहीं. १९४७ सालच्या नव्या आवृत्तींत १९२३ नंतरच्या काळाचा दुसरा भाग लिहिण्याचा मनोदय ग्रंथकारांनीं दर्शविला होता. तो भाग निघाला नाहीं.