कॅमेरा गावात आला, लेखकाचं काय?

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा जगला तो जत्रांच्या हंगामावर आणि तंबूच्या दाराशी फाटणाऱ्या तिकिटावर. आज सातारा-सांगलीच्या गावांत जे काही रचलं, अभिनयातून मांडलं आणि चित्रित केलं जातं, त्याचा पोशिंदा बहुतेक वेळा यूट्यूब असतो. नट किती ताकदीचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. प्रेक्षक किती मिनिटं थांबला, एवढंच तो मोजतो. गेल्या आठ-नऊ वर्षांत या मुलखात बहरलेल्या वेबमालिका, लघुपट आणि रील्स यांच्याकडे कला म्हणून बघायचं असेल, तर हा हिशेब आधी ध्यानात घ्यावा लागतो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि रिचार्जचे पैसे वाचवत एकेक व्हिडिओ बघणारं गाव भरभरून पाहू लागलं. त्याच वर्षी ‘भाडिपा’ हे यूट्यूब चॅनेल सुरू झालं. त्यातला विनोद चांगला होता, पण जग शहरातलं होतं. गावाला स्वतःचा चेहरा दाखवला तो नितीन पवार यांच्या कोरी पाटी प्रॉडक्शनने. ‘गावाकडच्या गोष्टी’ ही मालिका सातारा जिल्ह्यातल्या केळेवाडीत घडली. कुठलंही चॅनेल पाठीशी नसताना तिने मिळवलेला प्रेक्षक ही मराठी दृश्यकलेतली मोठी घटना आहे, आणि आपल्या समीक्षेने तिची दखल फार उशिरा घेतली.

तिचं मोल नेमकं कशात, ते सांगायला हवं. 2017 पासून ‘लागिरं झालं जी’ टीव्हीवर होतीच. तीही साताऱ्यात चित्रित झालेली, आणि लिहिणारे तेजपाल वाघ वाईचे. पण टीव्हीवरच्या गावाला रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कट-कारस्थान लागतं. केळेवाडीतल्या गावाला ते लागलं नाही. पारावर बसलेली माणसं, लग्न न जमणारा मुलगा, शाळा सोडावी लागलेली मुलगी, उसनवारी, भावकी एवढ्यावर भाग उभे राहिले. पात्रं घाटावरच्या बोलीत बोलली आणि ती बोली हशा मिळवण्यासाठी वापरलेली नव्हती. मराठी सिनेमाने ‘आलोया, गेलोया’ कित्येक वर्षं विनोदी गड्याच्या तोंडी दिलं होतं. इथे त्याच भाषेत बाप मुलाची समजूत घालतो, बाई आपलं दुःख सांगते, आणि पाहणाऱ्याला हसू येत नाही. नट तालीम-मंडळांतून, गणपतीतल्या नाटकांतून आलेले असावेत असं वाटतं, इतके ते गर्दीत सहज वावरतात.

शेजारच्या बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या ‘चांडाळ चौकडीच्या करामती’चं बळ वेगळं आहे. तो सरळ वगाचा वारसा आहे: ठरलेली चार-पाच माणसं, प्रत्येकाचा ठरलेला स्वभाव, आणि भागागणिक नवं लफडं. सोंगाड्याची हजरजबाबी परंपरा मोबाइलवर कशी जगते, हे ज्याला अभ्यासायचं आहे त्याने ही मालिका बघावी.

आता दोषांकडे. मला या सगळ्या कामात सर्वांत मोठी उणीव दिसते, ती लेखनाची. कॅमेरा उत्तम झाला, ड्रोन आला, कॉलर माइकमुळे आवाज स्वच्छ झाला. संहिता मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसाच्या पुढे सरकलेली नाही. त्याचं कारण पैशाच्या गणितात आहे. 2018 पासून यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास पाहिलं जाणं ही अट आली. 2020 मध्ये आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मध्येच जाहिरात घालायची मुभा मिळाली. दोन्हींचा ठसा कथेवर उमटला. तीन मिनिटांचा जीव असलेला प्रसंग दहा मिनिटं ताणला जाऊ लागला. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात भांडण नाहीतर रडणं आणायचंच, असा दंडक झाला. भागाच्या शेवटी कुणीतरी वडीलधारं माणूस उभं राहतं आणि प्रेक्षकाला दोन मिनिटं उपदेश करतं. हुंडा वाईट, दारू वाईट, आईबापांना सांभाळा. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण आधीच्या पंधरा मिनिटांतून तो पोचला नसेल, तर भाषणाने पोचत नाही.

आणखी एक गोष्ट बोचते. या गावांमध्ये जात दिसत नाही. ज्या मातीतून वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर आले, तिथल्या पडद्यावरच्या गावात सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात. कॉमेंट तापतील, गट पडतील ही भीती मी समजू शकतो. तरीही ही भीती कलेला लहान करते.

उपदेशाशिवाय खरं गाव दाखवणं जमत नाही असं मात्र नाही. तासगावकडचे शेखर बापू रणखांबे यांनी ‘पॅम्फ्लेट’ आणि पुढे ‘रेखा’ हे लघुपट केले. ‘रेखा’ 2022 साली इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागात निवडला गेला. रस्त्याकडेला पाल टाकून राहणारी बाई, अंगाला त्वचारोग, डॉक्टर सांगतात रोज अंघोळ कर. एवढीच गोष्ट. पण पाणी, आडोसा, नवरा, समाजाची रीत यांतली एकेक गोष्ट त्या अंघोळीच्या आड उभी राहते आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. तमाशाच्या बोर्डावर आयुष्य गेलेल्या मायाताई पवार यांच्यासारख्या कलावंतांना रणखांबे यांनी त्यात उभं केलं. उपदेश कुणीही करत नाही. याच मुलखात, याच बोलीत, थोड्या पैशांत हे झालं, कारण आधी ते कागदावर नीट लिहिलं गेलं होतं.

रील्सबद्दल थोडकंच. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 अॅपवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरापोरींचं वर्ष-दोन वर्षांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. त्यातलं बरंचसं सुमार होतं, काही फार सुंदर होतं. दोन्ही गेलं. काळू-बाळूंच्या जमान्यातही तमाशाच्या किती रात्री अशाच विरून गेल्या. आजच्या मालिका परक्या सर्व्हरवर आहेत आणि त्यांची प्रत या जिल्ह्यांतल्या कुठल्या ग्रंथालयात जपलेली मी पाहिलेली नाही.

पुन्हा लेखनाकडे येऊ. मोबाइलवर नीट लिहिलेलं आणि नीट सांगितलेलं काही पाहायचं तर शेतकऱ्यांच्या गटांत पाहावं. ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहामागचे कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले यांनी 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी उसावरही आल्याची नोंद केली. अळीच्या डोक्यावरचं उलट्या ‘वाय’सारखं चिन्ह आणि शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके एवढी खूण फोटोसह दाखवली, की बांधावरचा माणूस ती ओळखतो. सांगायचं काय हे पक्कं असलं की पाल्हाळ आपोआप गळतं, हे कथा लिहिणाऱ्यांनी इथून घ्यावं.

शिवाय प्रेक्षकही आता आपला वेळ तोलू लागला आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. मुलांच्या अभ्यासासाठी गावाने हे केलं. मला हा निर्णय आवडतो. उरलेल्या वेळात जे बघायचं ते त्या वेळेच्या लायकीचं असावं, ही जबाबदारी त्यामुळे करणाऱ्यांवर येते.

करणाऱ्यांत पहिला येतो तो लेखक, आणि त्याचा मान कसा राखावा हे इथेच पाहता येतं. सातारा जिल्ह्यातल्या वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड 1976 मध्ये निघाला, पुढे वीस खंड झाले आणि आज ते वेबवर कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातल्या नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्याच जिल्ह्यातल्या अनेक वेबमालिकांच्या भागांखाली मात्र छायाचित्रणाचं नाव असतं, ड्रोनवाल्याचं असतं, जेवण देणाऱ्या हॉटेलचं असतं, आणि ‘कथा-पटकथा’ दिग्दर्शकाच्याच नावाला चिकटवलेली असते किंवा नसतेच. लिहिण्याला वेगळे पैसे नाहीत म्हणून वेगळा लेखक नाही. कराड, इस्लामपूर, विट्याच्या कॉलेजांतून कथा लिहिणारी मुलं दरवर्षी बाहेर पडतात आणि स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभी राहतात. निर्मात्यांनी ड्रोनच्या एका दिवसाचं भाडं वाचवून त्यांतल्या एकाला महिनाभर लिहायला बसवावं. आणि वाचकहो, पुढचा भाग बघाल तेव्हा श्रेयनामावलीत लेखकाचं नाव शोधा. नसेल तर खाली कॉमेंटमध्ये विचारा, की हे लिहिलं कुणी?