उंदरात बरा झालेला पक्षाघात

पक्षाघाताच्या संशोधनात उंदराच्या मानेतील धमनीतून नायलॉनचा बारीक धागा सरकवून मेंदूची मधली धमनी बंद करतात. ठरावीक वेळाने धागा काढला की रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो. पद्धत सुटसुटीत आहे. पण हा उंदीर बहुधा तरुण, नर आणि निरोगी असतो. रुग्ण मात्र बहुधा उतारवयातला, रक्तदाब किंवा मधुमेह असलेला असतो आणि उपचार मिळेपर्यंत काही तास गेलेले असतात.

एनएक्सवाय-०५९ या औषधाने उंदरांच्या मेंदूची हानी कमी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत थोडा फायदा दिसला. २००७ च्या, ३,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही. प्राण्यांवरचे जुने प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा गट यादृच्छिक पद्धतीने न पाडलेल्या प्रयोगांत फायदा फुगलेला आढळला.

म्हणजे मॉडेल टाकाऊ नाही, ते वापरण्यातली शिस्त अपुरी पडते. शोधनिबंध वाचताना विचारा: प्राण्याचे वय व आजार कोणते? औषध किती वेळाने दिले? हानी मोजणाऱ्याला गट माहीत होता का? उत्तरे नसतील, तर निष्कर्ष उंदरापुरताच माना.